पन्नाशी ओलांडलेल्या कामगार मित्रांना खुले पत्र: उरलेले पगार मोजा

प्रति,
भोसरी, चाकण, सातपूर, अंबड, वाळूज, बुटीबोरी, गोकुळ शिरगाव अशा औद्योगिक वसाहतींतल्या खासगी कंपन्यांत काम करणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या सर्व कामगार बंधू-भगिनींना,

सप्रेम नमस्कार.

माझी सगळी नोकरी टाइम ऑफिसमध्ये, म्हणजे कंपनीच्या हजेरी-पगाराच्या विभागात झाली. आता संघटनेच्या कार्यालयात पीएफ आणि पेन्शनचे कागद बघायला बसतो. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसे रिटायर झाल्यावर येतात. सत्कार झालेला असतो, गेटपास जमा झालेला असतो, आणि मग कळते की जन्मतारीख जुळत नाही, जुन्या कंपनीची सात वर्षे कुठेच दिसत नाहीत, बायकोचे नाव खात्यावर एक आणि आधारवर दुसरे आहे. खरे तर यातले एकही काम अवघड नाही. नोकरीत असताना एक अर्ज आणि कंपनीची एक सही एवढ्यावर ते भागते. नोकरी सुटल्यावर त्याच सहीसाठी हेलपाटे सुरू होतात, आणि मधल्या काळात कंपनी बंद पडली असेल तर सही करायला कोणी सापडतच नाही. तुमच्या हातात अजून वेळ आहे, म्हणून तुम्हाला लिहितो आहे.

माझी विनंती एवढीच आहे. या महिन्यातली एक साप्ताहिक सुट्टी राखून ठेवा, नवरा-बायको दोघे शेजारी बसा आणि नोकरीचे किती पगार उरले ते कागदावर लिहा. वर्षे लिहू नका, पगार लिहा. ‘अजून सात-आठ वर्षे आहेत’ म्हटले की माणूस निवांत होतो. ‘अजून नव्वद पगार आहेत’ म्हटले की तोच माणूस विचारतो, त्यातले घराच्या हप्त्याला किती जाणार आणि धाकटीच्या शिक्षणाला किती.

मोजायला बसलात की पहिली अडचण तारखेची येईल. आपल्या पिढीत निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळेत नाव घालताना आईला पोळा आठवायचा, दुष्काळ आठवायचा, तारीख आठवायची नाही, आणि गुरुजी जूनची पहिली तारीख टाकून मोकळे व्हायचे. ती तारीख दाखल्यावर राहिली. पुढे कंपनीतल्या कारकुनाने पीएफच्या फॉर्मवर वेगळी तारीख लिहिली, आणि आधार काढताना नुसते वर्ष सांगितले. एकाच माणसाच्या अशा तीन जन्मतारखा मी अनेकदा पाहिल्या आहेत. मागे एका फिटर दादांच्या दाखल्यावर जून आणि पीएफच्या नोंदीत त्याच वर्षाचा जानेवारी निघाला. पाच महिन्यांचा फरक दिसायला किरकोळ, पण पेन्शनचा अर्ज त्याच्यावरच अडला.

तेव्हा दाखला, पॅन, आधार आणि पीएफची नोंद हे चारही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून तारीख आणि नावाचे स्पेलिंग ताडून पाहा. जन्मतारखेचा पुरावा म्हणून पीएफ कार्यालय जानेवारी २०२४ पासून आधार धरत नाही. शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा दाखला, पॅन, पासपोर्ट असा कागद लागतो. दुरुस्ती कामगार आणि कंपनी यांच्या संयुक्त अर्जाने होते, आणि जुन्या खात्यांच्या बाबतीत बहुतेकदा कंपनीची मान्यता लागतेच. दाखला फाटला असेल, हरवला असेल तर गावच्या शाळेत जाऊन दुसरी प्रत आजच मागा. शाळा तिथेच आहे, पण जुनी रजिस्टरे किती दिवस टिकतील याचा भरवसा नाही.

आता वय. कंपनी ज्या वयाला रिटायर करते ते वय आणि पेन्शनचे वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीचे वय करारात किंवा स्थायी आदेशात, म्हणजे कंपनीच्या नोकरीच्या नियमांत लिहिलेले असते, कुठे ५८, कुठे ६०. कर्मचारी पेन्शन योजनेचे, म्हणजे ज्याला आपण ईपीएस-९५ म्हणतो त्याचे वय मात्र सगळ्यांसाठी ५८. कंपनीत ६० पर्यंत काम असलेले अनेकजण समजतात की नोकरी सुटल्याशिवाय पेन्शन मागता येत नाही. तसे नाही. ५८ पूर्ण झाले की नोकरी चालू असतानाही फॉर्म १०-डी भरून पेन्शन सुरू करता येते. थांबायचे असेल तर ६० पर्यंत थांबता येते आणि प्रत्येक पूर्ण वर्षाला पेन्शन ४ टक्के वाढते, पण तसा पर्याय द्यावा लागतो. तुम्ही थांबण्याचा पर्याय दिला नसेल तर ५८ नंतर मालकाच्या हिश्श्यातून पेन्शनकडे काही जायला नको, ते सगळे पीएफमध्ये जायला हवे. काही ठिकाणी संगणकावर ही नोंद बदलायची राहते आणि पेन्शनची कपात चालूच राहते. मग अर्ज परत येतो. ५८ पूर्ण होण्याच्या दोन महिने आधी टाइम ऑफिसला जाऊन हे एकदा सांगून ठेवा.

आता पेन्शन किती मिळणार ते पाहू. इथे जरा वेळ थांबा, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

पासबुकात तीन रकाने असतात: तुमचा हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि पेन्शन. तिसऱ्या रकान्यातली एकूण रक्कम पाहून लोक हिशेब लावतात की एवढे जमले, म्हणजे एवढे व्याज, म्हणजे एवढी पेन्शन. पेन्शन त्या रकमेवर ठरतच नाही. तिचे सूत्र असे: पेन्शनपात्र पगार गुणिले पेन्शनपात्र सेवा, भागिले ७०. पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांच्या बेसिक (मूळ पगार) आणि डीए (महागाई भत्ता) यांची सरासरी, आणि तीही १५,००० रुपयांपर्यंतच. तुमचा बेसिक-डीए २६,००० असो की ४०,०००, सूत्रात १५,००० च धरायचे. वीस वर्षे किंवा त्याहून जास्त सेवा झाली असेल तर दोन वर्षे वाढवून मिळतात.

आता बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट. १५,००० ची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ ला आली. त्याआधी ती ६,५०० होती. पेन्शन काढताना तुमच्या सेवेचे दोन तुकडे करतात. ऑगस्ट २०१४ पर्यंतच्या वर्षांना ६,५०० ने गुणतात आणि पुढच्या वर्षांना १५,००० ने. समजा एखादा कामगार १ सप्टेंबर १९९८ ला लागला आणि त्याची ५८ वर्षे मे २०२९ अखेर पूर्ण होतात. पहिली १६ वर्षे: ६,५०० गुणिले १६ भागिले ७०, म्हणजे १,४८६ रुपये. नंतरची जवळपास १५ वर्षे: १५,००० गुणिले १५ भागिले ७०, म्हणजे ३,२१४ रुपये. बेरीज ४,७००. वाढीव दोन वर्षे धरून आकडा पाच हजारांच्या आसपास जातो. सगळ्या सेवेला सरसकट १५,००० लावून हाच माणूस सात हजार धरून बसलेला असतो. महिन्याला दोन हजारांचा फरक म्हणजे दोघांच्या औषधांचा खर्च. तो रिटायर झाल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेला बरा.

आणि ही पेन्शन वाढत नाही. तिला महागाई भत्ता नाही. महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत भाव दुप्पट होतात, म्हणजे ५८ व्या वर्षी सुरू झालेल्या पाच हजारांत सत्तरीला सुरुवातीच्या अडीच हजारांचेच सामान येईल. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयांवर अडकून आहे. बुलढाण्यातून उभी राहिलेली ईपीएस-९५ पेन्शनरांची समिती दरमहा ७,५०० आणि महागाई भत्ता मागते आहे. ती मागणी रास्त आहे, तिला माझा पाठिंबा आहे, आणि तुमचाही असावा. तरीही घरचा हिशेब मांडताना आज हातात आहे तोच आकडा धरा. वाढ झाली तर ती वरची. तसेच, सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालानंतर ज्यांनी जादा पेन्शनचा, म्हणजे मर्यादेच्या वरच्या खऱ्या पगारावर पेन्शनचा पर्याय भरला, त्यांनी आपल्या अर्जाचा पाठपुरावा सोडू नये. अर्जाची मुदत ११ जुलै २०२३ ला संपली. ज्यांनी अर्जच केला नाही त्यांनी त्या आशेवर बसू नये.

सूत्रातला पगार तुमच्या हातात नाही, सेवा मात्र बरीचशी आहे. पेन्शनला किमान दहा वर्षे लागतात, आणि पुढे एकेक वर्षाला किंमत आहे. २०१४ मध्ये यूएएन, म्हणजे सगळ्या नोकऱ्यांना मिळून एकच पीएफ क्रमांक आला. त्याआधी प्रत्येक कंपनीचे खाते वेगळे, क्रमांक वेगळा. नव्वदच्या दशकात दोन-तीन ठिकाणी टेंपररी, मग कुठेतरी कायम, असे ज्यांचे झाले, त्यांची जुनी खाती तशीच पडून असतात. परवा एक मावशी पत्र्याचा डबा घेऊन आल्या. नवरा टर्नर, त्याला सुट्टी नव्हती. डब्यात पिवळी पडलेली पगारपत्रके, हजेरीकार्ड, आणि एका बंद पडलेल्या कंपनीची पीएफची वार्षिक पावती होती. त्या पावतीवर जुना खाते क्रमांक स्पष्ट वाचता येत होता. त्या एका चिटोऱ्यामुळे सहा वर्षांची सेवा शोधायला धागा मिळाला. तुमच्याही घरात पोटमाळ्यावर असा एखादा डबा असेल. दिवाळीच्या साफसफाईत तो रद्दीत घालू नका. जुने खाते आताच्या खात्यात वर्ग करून घ्या, आणि जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का तेही बघा. ती नसली की पुढचे सगळे अडते.

बिनपगारी रजा, ले-ऑफ (काम नसल्याने कंपनीने घरी बसवलेले दिवस), संप यांचे दिवसही बघा. ज्या दिवसांची वर्गणी भरली गेली नाही ते सेवेतून वजा होतात. आजारपणात लांबलेली रजा चुकून जास्त दिवसांची लागली असेल तर ती दुरुस्त करून घेण्याची जागा तुमचेच टाइम ऑफिस आहे, आणि वेळ आताची.

आता एक कडक बोलतो. पीएफ काढू नका. घरावर दुसरा मजला, गावाकडे बोअर, मुलाला गाडी, पुतण्याच्या लग्नात आहेर, यासाठी पन्नाशीनंतर पीएफ काढणारे लोक रोज भेटतात. ऑनलाइन अर्ज झाल्यापासून तर ते फारच सोपे झाले आहे. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांत पीएफवर ८.२५ टक्के व्याज मिळाले. हाच दर राहिला असे धरले तर पन्नाशीला काढलेले तीन लाख ५८ व्या वर्षी साडेपाच लाखांच्या वर गेले असते. मुलीचे शिक्षण आणि आजारपण सोडून बाकी कशालाही हात लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मुलीच्या लग्नासाठी मात्र काढायचाच असेल तर निदान मांडव आणि पंगत यांचा खर्च निम्मा करून काढा. आणि नोकरी बदलताना पेन्शनचे पैसे उचलणारा १०-सी भरू नका. ते पैसे थोडे असतात आणि त्यासोबत सेवेची वर्षेही जातात. पन्नाशीनंतर काम सुटले म्हणून लवकर पेन्शन घेणेही तसेच. ५८ च्या आधीच्या प्रत्येक वर्षाला ४ टक्के कपात, आणि ती कायमची.

उलट जमत असेल तर भर घाला. घराचा हप्ता ज्या महिन्यात संपेल, त्याच्या पुढच्या महिन्यापासून त्यातले तीन हजार ऐच्छिक पीएफमध्ये वळवा. कंपनीला अर्ज दिला की ते पगारातूनच कापले जातात आणि व्याज तेच मिळते. आठ वर्षे असे केले तर आजच्या दराने चार लाखांच्या आसपास जमतात. हप्ता संपला की ती रक्कम घरखर्चात नकळत मिसळून जाते, म्हणून पहिल्याच महिन्यात हे करा.

ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते त्या एकरकमी पैशांचा हिशेब सोपा. शेवटचा बेसिक-डीए भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षे. २६,००० बेसिक-डीए आणि तीस वर्षे सेवा असेल तर साडेचार लाख. साधारणपणे एका कंपनीत किमान पाच वर्षे हवीत. ठेकेदार बदलत राहिलेल्या कामगारांनी आपली हजेरी आणि नेमणुकीची पत्रे सांभाळून ठेवावीत. तीच पुढे सेवा सिद्ध करतात.

हे सगळे आकडे आले की मग तो कागद पूर्ण करा. डावीकडे एकेक वर्ष लिहा, त्यापुढे तुमचे वय, बायकोचे वय, मुलांची वये, कर्जाचा हप्ता आणि घरात येणारे पैसे. उशिरा लग्न झालेल्या घरांत हा कागद फार बोलका होतो. बाप ५८ चा होतो तेव्हा धाकटा बारावीत असतो. ते वर्ष कागदावर दिसले की त्याच्या शिक्षणाची रक्कम वेगळी काढायला आज सुरुवात करता येते. हा कागद बायकोपासून लपवू नका. घर महिन्याला किती खाते हे तुमच्यापेक्षा तिला नेमके माहीत असते. पगारातून नेहमी कमी दिले आणि ओव्हरटाइमचे वेगळे ठेवले, असे असेल तर तेही त्या दिवशी कागदावर येऊ द्या.

दवाखाना विसरू नका. नोकरी सुटली की कंपनीचा विमा बंद होतो. जे रिटायर होताना ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) आहेत आणि ज्यांची किमान पाच वर्षे वर्गणी भरली गेली आहे, त्यांना वर्षाला १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांनाही ईएसआयचे उपचार पुढे मिळतात. हे सांगितल्यावर लोक विश्वास ठेवत नाहीत, पण तसा नियम आहे. पगार २१,००० च्या वर गेल्यामुळे जे ईएसआयबाहेर पडले त्यांनी साठीच्या आत, साखर-रक्तदाब मागे लागण्याआधी, स्वतःचा आरोग्य विमा घेणे गरजेचे आहे. सत्तरीनंतर आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंतचे उपचार सगळ्यांना आहेत. त्याच्या आधीची दहा-बारा वर्षे मात्र स्वतः सांभाळायची आहेत.

एकरकमी पैसे हातात येतात तेव्हा सगळे नातेवाईक जवळ येतात. प्लॉटिंगवाले येतात, दोन वर्षांत दुप्पट करून देणारे येतात, भिशी चालवणारा ओळखीचा माणूसही येतो. त्या पहिल्या तीन महिन्यांत कोणालाही शब्द देऊ नका. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना आधी बघा. एप्रिल २०२३ पासून तिथे ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. ८.२ टक्के दराने दहा लाखांवर दर तिमाहीला २०,५०० रुपये खात्यात येतात. साठीच्या आधी रिटायर झालेले ५५ च्या पुढचे लोकही निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत त्यात खाते उघडू शकतात. गावाकडे परत जाणार असाल तरी काळजी नको. जानेवारी २०२५ पासून ईपीएसची पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेत घेता येते. हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो.

टाइम ऑफिस आणि एचआरमधल्या माझ्या सहकाऱ्यांनाही दोन शब्द. सरकारी कचेऱ्यांत निवृत्तीच्या दोन वर्षे आधीपासून पेन्शनचे कागद तयार करायला घ्यावेत असा नियम आहे. आपल्याकडे तसा नियम नसेल, पण आपल्या यादीतल्या ५५ च्या पुढच्या माणसांना एकदा बोलावून नाव, तारीख आणि वारस तपासून द्यायला कोणी अडवलेले नाही. वर्षातून एक दुपार पुरते.

शेवटी वारसाची नोंद. पेन्शन सुरू झाल्यावर सभासद गेला तर पत्नीला त्याच्या पेन्शनच्या निम्मी मिळते, किमान १,००० रुपये. म्हणजे पाच हजारांचे अडीच हजार. हे त्या कागदावर वेगळ्या ओळीत लिहा आणि तेवढ्यात तिचे कसे भागेल याचा विचार दोघांनी मिळून करा. ऑनलाइन वारसनोंद आधी झाली आहे का ते बघा. लग्नाआधी नोकरीला लागलेल्या पुष्कळांच्या खात्यावर अजून आईचेच नाव आहे, आणि आई जाऊन दहा वर्षे झालेली असतात. पत्नीचे नाव आधारवर आहे अगदी तसेच घाला, दोघांचा एकत्र फोटो काढून ठेवा, तो १०-डीला लागतो. पासबुक, दाखला आणि वारसनोंदीची छापील प्रत एका फायलीत घालून ती फाइल घरात कुठे आहे हे तिला दाखवा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कामगार संघटनेच्या मदत कक्षातला एक सहकारी